जुन्या शेव्हरोले पिकअपचा हौदा: गंजक्या पत्र्यापासून नव्या फळ्यांपर्यंत

जुनी पिकअप बघायला जाणारा माणूस आधी इंजिन सुरू करायला लावतो, मग केबिनमध्ये डोकावतो, मग टायरला लाथ मारून बघतो. हौद्याकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. "ते काय, पत्रा आणि लाकूड, होऊन जाईल." पण गाडीने आयुष्यभर जो मार खाल्ला तो हौद्यानेच. विटा, सिमेंट, खताची पोती, ओला भाजीपाला सगळं तिथेच पडलं आणि त्याचं पाणीही तिथेच मुरलं. इंजिनाचे सुटे भाग शोधून मिळतात. हौदा मात्र बहुतेक वेळा हातानेच उभा करावा लागतो.

हा लेख १९४७ ते १९५५च्या सुरुवातीपर्यंत निघालेल्या गोल नाकाच्या शेव्हरोले ३१०० डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. तिचा हौदा साडेसहा फूट लांब आणि आतून साधारण ५० इंच रुंद. बाजू पत्र्याच्या, तळ लाकडी फळ्यांचा, दोन फळ्यांमध्ये लोखंडी पट्टी. फार्गो, डॉज, फोर्ड यांच्या त्या काळातल्या लाकडी तळाच्या पिकअपलाही कामाची पद्धत तीच, मापं तेवढी वेगळी.

आधी हौदा कुठला ते ओळखा

शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ साली ती गुंडाळली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७पासून डॉज, डिसोटो, फार्गो जोडल्या जात होत्या. त्या काळी आपल्याकडे बऱ्याच मालगाड्या नुसत्या चासीवर यायच्या आणि बॉडी इथले सुतार-लोहार चढवायचे. एसटीची १९४८ साली पुण्याहून नगरला गेलेली पहिली गाडीसुद्धा लाकडी बॉडीचीच होती. त्यामुळे तुमच्या गाडीवरचा हौदा कारखान्याचा आहे की इथल्या बॉडीवाल्याचा, हे आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

कारखान्याच्या हौद्याच्या बाजूंची वरची कड पत्रा गोल वळवून केलेली असते आणि फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडमिट होणाऱ्या झडपेवर, प्रेसमध्ये उठवलेली 'शेव्हरोले' अक्षरं असतात. १९५३पर्यंतच्या गाड्यांत बाजूंच्या वरच्या कडेला उतार आहे. १९५४ला ती कड सरळ आडवी झाली. बॉडीवाल्याच्या हौद्यात अँगल, चॅनल आणि रिव्हेट दिसतात, पत्रा सपाट असतो.

हौदा इथला निघाला तर लगेच मोडीत घालू नका. सत्तर वर्षांपूर्वीच्या इथल्या कारागिराचं काम अमेरिकन कॅटलॉगमधल्या नव्या पत्र्यापेक्षा कमी मोलाचं नाही, आणि तुमच्या गाडीची खरी हकीकत त्यातच आहे. अर्थात वेल्डिंगची ठिगळं आणि चेकर्ड प्लेट (वर नक्षी उठवलेला जाड पत्रा) म्हणजे कारागिरी नव्हे.

चेकर्ड प्लेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लाकूड कुजलं की वरून प्लेट ठोकायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. प्लेटखाली पाणी साचतं, फळ्यांचा भुसा होतो आणि तो ओला भुसा खालच्या चॅनलला वर्षानुवर्षं चिकटून राहतो. प्लेट असलेली गाडी विकत घेणार असाल तर आडवी चॅनलं बदलावी लागणार असं धरूनच भाव करा.

सडतं कुठे

स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन गाडीखाली झोपा. रंगाकडे बघू नका, आवाज ऐका. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो.

तळाखालची आडवी चॅनलं टोपीच्या आकाराची असतात. त्यांच्या पोकळीत माती भरून राहते, म्हणून ती आतून सडतात आणि बाहेरून बरी दिसतात. बाजूंना वर दांडे खोचायचे उभे खिसे असतात. पावसाचं पाणी त्यांत वरून पडतं आणि खालची वाट बुजलेली असते. खिशात तार घालून ढवळा, ओली माती आणि गवत निघालं तर खालचा पत्रा गेलेला समजा. तिसरी जागा म्हणजे बाजूचा पत्रा आणि मडगार्ड यांचा सांधा, तिथे दोन पत्र्यांमध्ये चिखल बसतो. चौथी, केबिनमागच्या पुढच्या पत्र्याची खालची कड. पाचवी, फाळक्याची खालची वळवलेली कड. ती वरून कधीच दिसत नाही.

फाळक्यावर एक सरळ पट्टी धरून बघा. माणसं त्यावर उभी राहून माल उतरवतात, त्यामुळे तो मध्ये वाकलेला असतो. अर्धा इंच वाकला असेल तर प्रेसवर सरळ होतो. त्याहून जास्त असेल तर पत्र्याला ताण पडून लहर आलेली असते आणि ती हातानेच बसवावी लागते.

उतरवण्याआधी आणि उतरवताना

काही सैल करायच्या आधी मापं घ्या: केबिन आणि हौदा यांच्यातली फट वरून आणि खालून, दोन्ही बाजूंना. बाजूंमधलं अंतर पुढे, मध्ये, मागे. दोन्ही कर्ण. कर्णांत फरक असेल तर हौदा तिरका झाला आहे, किंवा चासीच. हे आत्ता कळलेलं बरं. फोटो काढताना शेजारी टेप धरा, नाहीतर महिनाभराने त्या फोटोंतून माप कळत नाही.

एक गोष्ट जिवाची. १९४७-४८च्या गाड्यांत पेट्रोलची टाकी हौद्याखाली असते. १९४९ला ती केबिनमध्ये सीटमागे गेली. टाकी खाली असेल तर आधी रिकामी करून उतरवा आणि गाडीपासून लांब न्या, मगच ग्राइंडरला हात लावा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

बोल्ट सुटणार नाहीत, हे गृहीत धरा. तळाच्या पट्ट्यांना कॅरेज बोल्ट असतात, गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे. मान गंजून बारीक झाली की नट फिरवताना आख्खा बोल्टच गरगरतो. भांडत बसू नका, खालून कटिंग व्हीलने नट कापा. हे बोल्ट तसेही नवीन घ्यायचे आहेत. मात्र हौदा चासीला धरणारे मोठे बोल्ट आदल्या दिवशी तेल सोडून, गरम करून, आस्ते सोडवा. तिथली भोकं ओढाताणीत मोठी झाली तर हौदा पुन्हा जागेवर बसवताना रडकुंडीला याल. ग्राइंडरच्या ठिणग्या तेल प्यायलेल्या जुन्या लाकडावर पडतात आणि लाकूड तासाभराने धुमसायला लागतं, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर लगेच घरी जाऊ नका.

फळ्यांमधली त्यातल्या त्यात बरी एक फळी आणि एक पट्टी नमुना म्हणून जपून ठेवा. कुजकी असली तरी तिच्या कडेची खाच मोजता येते. चासी आणि चॅनल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे निघाले तर त्यांची जाडी आणि जागा लिहून ठेवा. सगळे एका जाडीचे असतीलच असं नाही.

बाजूंचे पत्रे सुटे करण्याआधी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अँगलचे दोन आडवे तुकडे टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून घ्या, म्हणजे चॅनलं काढल्यावर हौद्याचा आकार बिघडत नाही.

गंज आणि जुना रंग

त्या काळच्या रंगात शिसं असायचं. कोरडं घासून त्याची धूळ करू नका, पाणी लावून घासा किंवा रंग उतरवायचं केमिकल लावा. अंगणात मुलं खेळत असतील तर हे काम तिथे नको.

सँडब्लास्टिंगने काम झटपट होतं, पण बाजूंच्या मोठ्या सपाट पत्र्यावर जास्त दाबाने मारलं की पत्रा फुगतो आणि ती लहर पुन्हा जात नाही. चॅनलं, चासी, बिजागऱ्या ब्लास्टिंगला द्या. बाजूंचे पत्रे आणि फाळका वायर ब्रश, फ्लॅप डिस्क आणि फॉस्फोरिक अॅसिडवाल्या गंजनाशकाने हाताने साफ करा. ब्लास्टिंगवाला नदीची वाळू वापरत असेल तर दुसरा शोधा. त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात, त्याचीही आणि शेजारी उभं राहिलात तर तुमचीही. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरणारे मिळतात.

साखळ्या, कड्या, कोयंडे, पट्ट्या यांसाठी घरगुती उपाय उत्तम. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या वस्तूला, धन तार लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून काळा चिखल होतो, तो ब्रशने धुवायचा. धन बाजूला स्टेनलेस स्टीलचा तुकडा अजिबात लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन सुटतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवा आणि जवळ विडी-सिगारेट नको. धुतलेला भाग लगेच वाळवून प्रायमर लावा. आपल्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत लालसर होतं.

पत्राकाम

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. अर्धवट सडलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होत जातं. पत्रा मूळच्या जाडीचा घ्या, मायक्रोमीटर लावून बघा. बहुधा १८ गेजच्या, म्हणजे १.२ मिलिमीटरच्या आसपास निघतो. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा मागा. जस्त चढवलेला पत्रा वेल्डिंगला चालत नाही, त्याच्या धुराने ताप भरतो आणि सांधाही फसफसतो.

ठिगळ वरून चढवू नका, कडेला कड लावून बसवा. दोन पत्रे एकावर एक आले की मधल्या फटीत पाणी शिरतं आणि पाच-सहा वर्षांत गंज पुन्हा तिथूनच फुटतो. रॉडच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळतो, सीओटू, म्हणजे गॅस आणि तारेचं वेल्डिंग करणाराच बघा. त्याला सांगा की सलग रेघ ओढायची नाही. एक टॅक इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा उलट्या टोकाला. मध्ये हात लावून बघायचं, पत्रा चटका देत असेल तर थांबायचं. चांगला डेंटर हे न सांगता करतो. ज्याला घाई आहे तो "लांबी भरून टाकू साहेब" म्हणतो. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी.

लांबीबद्दल एवढंच: दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, आणि हौद्याच्या आतल्या बाजूला शक्यतो नकोच. तिथे सामान आपटणार आणि लांबीचा पापुद्रा सुटणार. आतल्या बाजूला हातोडीच्या थोड्या खुणा राहिल्या तर राहू द्या, तो मालाचा हौदा आहे. फाळक्यावरच्या अक्षरांच्या कडा मात्र लांबीने बुजू देऊ नका. पेंटरच्या नजरेतून ही गोष्ट नेमकी सुटते.

सडलेली चॅनलं दुरुस्त करत बसण्यापेक्षा बेंडिंगच्या दुकानातून नवीन वळवून घ्या. जुन्याचा आडवा छेद पुठ्ठ्यावर काढून न्या. दोन्ही टोकांशी पाणी आणि माती बाहेर पडायला जागा ठेवा. खिशांच्या तळाशी पूर्वी वाट होती तिथे पुन्हा भोक पाडा, नसेल तर नवीन पाडा.

रंग

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग लागलीच तर लांबी, मग पुन्हा प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त पडतं, पण ते हवेतला ओलावा आत घेतं. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळाभर ठेवली तर खालून गंज सुरू झालेला असतो. सांध्यांत सीलर प्रायमरनंतर, रंगाच्या आधी. चॅनलांच्या पोकळीत ब्रश पोचत नाही, तिथे लांब नळीने पातळ मेणाचं कोटिंग फवारून घ्या. डांबरी अंडरकोटिंग टाळा. त्याला एक तडा गेला की पाणी आत जातं आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं.

वरचा रंग पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर साधा मास्क पुरत नाही, हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या. जून ते सप्टेंबर रंगकाम नको, एवढं पंचांग न बघता सांगता येतं.

लाकूड

कारखान्याच्या फळ्या साध्या पिवळ्या पाइनच्या असत आणि रंगवलेल्या येत. आरशासारखं वार्निश आणि पॉलिश केलेल्या स्टेनलेसच्या पट्ट्या ही नंतरच्या प्रदर्शनांची हौस. कुणाला ती आवडत असेल तर माझं भांडण नाही. पण त्या हौद्यात कुणी एक पोतंही टाकत नाही.

आपल्याकडे साग घ्या. बल्लारपूर-आलापल्लीचा साग मिळाला तर उत्तमच. वाड्यांच्या पाडकामातला जुना साग त्याहून बरा: पन्नास-शंभर वर्षं सुकलेला, आता हलणार नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला विचारणा करा. वाड्याच्या तुळयांत मोडके खिळे असतात, म्हणून चिरायला देण्याआधी प्रत्येक बाजूवर लोहचुंबक फिरवा. गिरणीचं पातं तुटलं तर भरपाई तुमच्याकडून. नवीन साग घेत असाल तर पांढुरकी रसकाठ (सालीलगतचं कच्चं लाकूड) असलेली फळी नको, वाळवी आधी तीच खाते. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. १२ टक्क्यांच्या आसपास लाकूड असेल तर घ्या, १८ दाखवत असेल तर महिना-दोन महिने सावलीत पट्ट्यांवर रचून ठेवा.

लागतं किती? साडेसहा फूट बाय ५० इंच, रंधा मारून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडी राहायची तर इंचाची फळी घ्यावी लागते. हिशेब सव्वादोन घनफुटांपर्यंत येतो. कापणी, गाठी, चिरा धरून तीन घनफूट सांगा.

आता खरं कौशल्याचं काम. प्रत्येक फळीच्या दोन्ही लांब कडांना वरच्या अंगाने उथळ खाच असते, तिच्यावर लोखंडी पट्टीचा ओठ बसतो. फळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये फट असते आणि ती पट्टीखाली झाकली जाते. बोल्ट त्या फटीतून जातात, लाकडातून नाही. ही सगळी रचना लाकूड फुगतं-आकसतं म्हणून केलेली आहे. पाच-साडेपाच इंची सागाची फळी मे आणि ऑगस्टमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर बदलते. ते सगळ्या फळ्यांत मिळून सेंटिमीटरभर होतं. सुताराला हे समजावून सांगा. फर्निचर करणाऱ्या चांगल्या सुताराला फट बघवत नाही. तो फळ्या घट्ट भिडवून देतो, आणि पहिल्या पावसात तळ मध्ये उचलला जाऊन पट्ट्या वाकतात.

खाचेची खोली जुन्या फळीवरून घ्या. सगळ्या फळ्यांना राउटरच्या एकाच सेटिंगवर खाच मारा, मध्ये सेटिंग मोडू नका. शेवटच्या दोन कडेच्या फळ्यांची रुंदी आधी कापू नका. बाकीच्या जागेवर ठेवून उरलेलं अंतर मोजा आणि मग कापा.

साग तेलकट असतो. रंग किंवा कोटिंग लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर थर धरत नाही. वरची बाजू, खालची बाजू, खाच, टोकं सगळीकडे सारखेच हात मारा. नुसती वरची बाजू रंगवली तर फळी पन्हाळीसारखी वळते. टोकांना एक हात जास्त, कारण पाणी तिथून सर्वात आधी चढतं. मला विचाराल तर रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला वार्निशपेक्षा उकळलेलं जवसाचं तेल बरं. ते तडकत नाही, फिकं पडलं की वरून पुन्हा एक हात दिला की झालं. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

जोडणी

चॅनलं चासीवर ठोकळ्यांसह ठेवा, बोल्ट हातानेच फिरवा. मग पुढचा पत्रा, दोन्ही बाजू, फाळका. फाळका लावल्याशिवाय काहीही आवळायचं नाही, मागची रुंदी तोच ठरवतो. कर्ण मोजा, केबिनची फट सुरुवातीच्या मापाशी ताडून बघा, फाळका दोन-चार वेळा उघडून मिटवा. सगळं जुळलं की चासीचे बोल्ट आवळा.

मग फळ्या आणि पट्ट्या. बोल्ट अडीच सुती, जस्त चढवलेले. स्टेनलेस दिसायला छान, पण आवळताना त्यांचे आटे एकमेकांत अडकून बसतात. घ्यायचेच असतील तर आट्यांना ग्रीस लावा. सगळे बोल्ट टाकून झाले की फटी सारख्या करा. त्यासाठी एका जाडीच्या पातळ चिपा मध्ये ठेवायच्या आणि आवळण्याआधी काढायच्या. आवळायचं मधल्या पट्टीपासून बाहेरच्या बाजूला. खाली मोठा वायसर हवाच. जिथे बोल्ट फळीतूनच जातो तिथे भोक रुंदीच्या दिशेने थोडं लांबट करा.

मडगार्ड लावताना मध्ये रबरी पायपिंग घाला, पत्र्यावर पत्रा घासला की नवा रंग तिथून जातो. फाळक्याच्या साखळ्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला तर बाजूंवर ओरखडे येत नाहीत.

मागचे दिवे लावले आणि पेटेनात, तर बल्बला दोष देऊ नका. तुम्ही प्रत्येक सांधा प्रायमर-रंगाने झाकला आहे, त्यामुळे हौद्याला अर्थिंगच मिळत नाही. १९५४पर्यंतच्या या गाड्या सहा व्होल्टच्या, थोडी गळतीही त्यांना सोसत नाही. एका बोल्टखालचा रंग खरवडा किंवा दिव्यापासून चासीपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

राहिले कागद. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून हौदा लांब करणं, बाजू उंच करणं किंवा त्याजागी बंद खोका बसवणं नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालीही आरसी बुकातल्या तपशिलापेक्षा गाडी बदलता येत नाही. रंग बदलला असेल तर त्याची नोंद करून घ्या. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर निघते, हे नोंदणीआधी ठाऊक असू द्या.

पहिला पावसाळा उलटला की दिवाळीच्या सुमारास पुन्हा गाडीखाली जा. लाकूड आकसून बोल्ट सैल झालेले असतील, ते पाव-अर्धा फेरा आवळा. खिशांच्या तळाच्या भोकांतून तार फिरवा आणि चॅनलांतली माती पाण्याच्या फवाऱ्याने काढून टाका.